शिक्का तुमचा, पुरावा आमचा

साहेब, हा घोळ तुम्हीच घातलात. विमानतळावर पासपोर्टावर शिक्का मारला तुमच्या माणसानं, आणि तो मारल्याचा पुरावा मागता वेंडेलकडे? तुमची दप्तरं काय उंदरांनी खाल्ली?

वेंडेल इलोइलो या आपल्या गावाहून सातासमुद्रापार, तुमच्या देशात विनिपेगला बायकोकडे आला, तो पाहुणा म्हणून. बायको जोसेल इथली नागरिक, रुग्णालयात नोकरीला. तिनं नवऱ्याला कायमचं ठेवून घेण्यासाठी अर्ज केला. तुमच्या कचेरीनं कळवलं, हा पाहुणा म्हणूनच आला याचा पुरावा महिन्याभरात द्या. नाहीतर अर्ज बाद, म्हणजे नवरा परत इलोइलोला आणि संसार परत फोनवर.

वेंडेल हसला. शिक्का पासपोर्टात होता आणि पासपोर्ट नव्या कोऱ्या बुटात. चोर बुटात हात घालत नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यानं कपाट उघडलं. बूट नव्हते.

आमच्या लोकांत वर्षाकाठी गावी एक भलंमोठं खोकं जातं. साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं, सगळ्या भाच्यापुतण्यांना काही ना काही. त्या खोक्यात बोटभर जागा रिकामी राहिली तर ते पाप. सासूबाई लोरेता या बाबतीत फार धार्मिक. वापरात नसलेले बूट दिसले, पुतण्याच्या मापाचे वाटले, त्यांत साबणाच्या वड्या ठासल्या आणि खोकं बोटीनं रवाना केलं. बुटात आधीच काहीतरी आहे हे त्यांना जाणवलं होतं. जावयानं जागा वाया घालवली नाही म्हणून त्यांना कौतुकच वाटलं होतं.

खोकं पोहोचायला दोन महिने. जोसेलनं प्रत काढली होती ती फोटोच्या पानाची. शिक्क्याचं पान कोरं समजून सोडलेलं.

तिनं कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, पासपोर्ट देशाबाहेर गेला, तर मग नवराही गेला का? जोसेल म्हणाली, नवरा समोर बसून लसूण सोलतोय. मग बाई म्हणाल्या की घरातल्या दुसऱ्या कुणी सांगावं, हा पाहुणा आहे म्हणून.

लोरेतांच्या हाती फोन देताना जोसेलनं चारदा पढवलं. पण जावयाला पाहुणा म्हणायचं? आमच्यात त्यापेक्षा त्याच्या तोंडावर दार आपटलेलं बरं.

"पाहुणा कसला," लोरेता म्हणाल्या. "पाहुण्याला कुणी भांडी घासायला लावतं होय? हा घासतो. दारातला बर्फ उपसतो. भात लावतो, तोही चिकट."

"म्हणजे काम करतो. पगार किती देता?" बाईंनी विचारलं.

"पगार? दोन वेळा ताट भरून गिळतो, वर विचारतो, आई, मासा संपला का?"

जोसेलनं कपाळ धरलं. वेंडेल हळूच भांड्यांपासून दूर सरकला आणि पाहुण्यासारखा सोफ्यावर बसला.

"हे बघा, आता बसला पाय पसरून," लोरेतांनी लगेच कळवलं. "रात्री घोरतो असा की भिंतीवरची येशूची तसबीर हलते. माझी मुलगी म्हणते, आई, घोरला नाही तर मला झोपच येत नाही. काय बोलायचं सांगा. माझ्या हातचं अडोबोचं कालवण सोडून त्याच्या हातचं खाते, पोटची पोर."

"आई, फोन ठेव," जोसेल म्हणाली.

"ठेवते. बाई, तुमच्याकडे आहे का हो जावई? असला तर त्याला पाहुणा म्हणून बघा, मुलगी चार दिवस बोलायची नाही."

 मग बाई म्हणाल्या, आहे, आणि फोन ठेवला.

घरात सुतक. लोरेता मात्र खुशीत, चार शब्द स्पष्ट बोलल्याच्या. वेंडेल गपचूप उठून उरलेली भांडी घासायला लागला. जोसेल त्याच्या शेजारी उभी राहून पुसत होती.

आठवड्यानं निकाल आला. साहेब, खाली सही तुमचीच आहे, म्हणून तुम्हालाच विचारतोय. तुम्ही लिहिता, हा जोसेलचा खराखुरा नवरा आहे, याबद्दल कचेरीला तिळमात्र शंका नाही. तो तिच्याबरोबर याच घरात राहतो, हेही मान्य. फक्त तो या देशात आला, हे सिद्ध होत नाही. म्हणून अर्ज बाद, त्याला परत पाठवा.

बरं. नाही आला. मग जो आलाच नाही त्याला परत कुठून पाठवणार? लेखी उत्तर द्या.