खिशातला मल्लू

वर्षातून एकदा मी माझ्या चुलतभावाला शर्टाच्या खिशात घालून शेतभर फिरवतो. मल्लिनाथ सहा फूट उंच आहे आणि बेल्जियममध्ये राहतो, पण व्हिडिओ कॉलवर माणूस कुठेही मावतो.

मल्लू सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांत माग बसवायचा. माग बनवणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांनी त्याचं काम पाहिलं आणि त्याला उचलून तिकडेच नेलं. त्याला सहा वर्षं झाली. लग्नाचं विचारलं की "बघू की" म्हणतो. एरवी आठवड्याला एक फोन करून काकूंशी, म्हणजे त्याच्या आईशी, बोलतो आणि ठेवतो. पण मार्गशीर्षातली येळ अमावस्या जवळ आली की त्याच्या अंगात येतं. त्या दिवशी आम्ही सगळे सोलापुरातलं सात रस्त्याजवळचं घर बंद करून वळसंगच्या शेतावर जातो. कडब्याच्या खोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पुजायचे, आंबील आणि भज्जी, म्हणजे तुरीचे दाणे आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी, शेतभर शिंपडायची, मग पंगत. नेमकी त्याच सुमारास तिकडे नाताळची सुट्टी. कंपनी दहा दिवस बंद, पण कुठे मशीन अडलं तर बोलावणं येईल म्हणून मल्लूने गाव सोडायचं नाही. म्हणजे दहा दिवस काम नाही आणि सुटकाही नाही. असा मल्लू फार वाईट.

मग आठवडाभर आधीपासून फोन. "अण्णा, कडबा कुणाचा आणला?" "तुरीच्या शेंगा सोलल्या का?" "खोपीचं तोंड मागच्या साली वाकडं झालतं, हाय का ध्यानात?" बोलताना हा माणूस एका जागी उभा राहत नाही. स्वयंपाकघर, जिना, रस्ता, परत जिना. बघून आपल्याला घेरी येते. माग बसवताना लागलेलं पालुपद तोंडात कायम: "जरा डावीकडं घे." फोन डावीकडे, मडकं डावीकडे. एकदा तर पूजा करणाऱ्या काकूंनाच त्याने डावीकडे सरकवलं होतं.

गेल्या वर्षी शिंपडायला वाकलो आणि मल्लू खिशातून थेट आंबिलीच्या मडक्यात पडला. आतून आवाज आला, "अण्णा, काय दिसंना झालंय. जरा डावीकडं घे." नंतर आवाजही बंद झाला. माझा नवाकोरा फोन गेला आणि आंबीलही गेली.

म्हणून यंदा मी सरळ खोटं बोललो. टॉवर बिघडलाय, शेतात अजिबात रेंज नाही, असं त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. इतक्या लवकर "बरं" म्हणणारा मल्लू मी कधी पाहिला नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पूजा कशी निवांत झाली. कुणी काही सरकवायला सांगत नव्हतं. काकू तेवढ्या मधूनच हातातलं काम टाकून बांधापर्यंत जाऊन येत होत्या. शिंपडून झालं, ताटं वाढली, आणि पलीकडच्या शेतातून ओळखीचा आवाज आला. "इरण्णामामा, आमची खोप दिसती का हितनं? जरा डावीकडं घ्या की."

इरण्णा म्हणजे आमचे बांधाला बांध असलेले शेजारी. पठ्ठ्या त्यांच्या पंगतीला जाऊन बसला होता! इरण्णा फोन उंच धरून मला म्हणाले, "तुमच्याकडं रेंज न्हाय म्हनं? हितं तर भरपूर हाय की."

काकू खरकट्या हातानेच बांध ओलांडून गेल्या, मग मीही गेलो. फोनमध्ये मल्लू कानटोपी घालून एका जागी उभा होता.

"अण्णा," तो म्हणाला, "मी लई तरास देतो काय?"

काकूंनी फोन ओढून घेतला. "ऊटा आतेनु?" जेवलास का, हे त्या लेकाला कानडीतच विचारतात आणि सगळ्यांत आधी विचारतात.

"बसनारच होतो, अव्वा."

"कुटं बसनार? दाव की मला."

सहा वर्षं आम्ही त्याला शेत दाखवलं, खोप दाखवली, मडक्याचा तळसुद्धा दाखवला. त्याच्याकडचं बघायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्याने बरेच आढेवेढे घेतले आणि मग फोन फिरवला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते, तरी खिडकीबाहेर काळोख होता. फरशीवर एका ओळीत ताटं मांडलेली. आम्ही जेवढी माणसं शेतावर आलो होतो तेवढी, आणि एक त्याचं. सगळी वाढलेली: भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, भाकरी. पहिल्या ताटातली भाकरी कुस्करून भज्जीत भिजवली होती.

"ते तुजं, अव्वा. तुला आता चावत न्हाय न्हवं."

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"कालपासनं रांधतोय," तो म्हणाला. "चार दिस झाले, दुकानातल्या बाईला थँक्यू म्हनलो तेवढंच. हितं कुनाशी बोललो न्हाय बग."

मला माझीच लाज वाटली. एका फोनच्या रागापायी मी या माणसाला पंगतीतून उठवलं होतं.

"बस," काकू म्हणाल्या. "गार हुईल."

मल्लू ओळीतल्या शेवटच्या ताटावर बसला. आम्ही आमची ताटं उचलून इरण्णांच्या शेतात आणली. फोन मी धरला. सगळे जेवू लागले, मल्लूही जेवला, मान खाली घालून. त्याचं ताट संपलं. मग त्याने हळूच शेजारचं ताट पुढ्यात ओढलं.

"हे तुजं हाय, अण्णा. खाऊ का?"

"खा," मी म्हणालो. माझा हात भरून आला होता, पण फोन मी खाली ठेवला नाही.