जुळणी फसली

भाविका पिंप्राळ्यातल्या घरी बसून ठिबक सिंचनाच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायची. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून तपासणारा कंपनीचा एक सर्व्हर होता. जोडणी अडली की कुणामुळे अडली, ते टीमच्या ग्रुपवर टाकणारं प्लगिन तिने क्लोजर नावाच्या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं. निरोप मराठीतच हवेत, हा साहेबांचा हट्ट. म्हणून जोडणीला वापरतात त्या ‘बिल्ड’ या शब्दाची ‘जुळणी’ झाली.

क्लोजर ही भाषा स्वभावाने आळशी. कुणी मागेपर्यंत काम पुढे ढकलणारी. सकाळभर भाविकाने मुद्दाम चुका करून पाहिल्या, एकही निरोप गेला नाही. साचलंय तरी काय, म्हणून तिने यादी उघडली आणि सगळे निरोप एकदम सुटले. तेही ‘जळगाव ऑफिस’वर नाही. घाईत तिने निवडला होता ‘जळगाव-धुळे’, म्हणजे तिच्या लग्नासाठी दोन्ही घरांनी केलेला ग्रुप.

“जुळणी फसली. कारण: भाविका. एक कंस जास्त.”

हेच, पुन्हा पुन्हा.

केळीच्या बागेतून वडिलांचा, जीवरामआबांचा फोन आला. “भाविका, हा कंस कोण?”

“आबा, कंस म्हणजे ब्रॅकेट!”

“ब्रॅकेट? म्हणजे आपल्यातला पण नाही!”

तिने भराभर निरोप डिलीट केले. धुळ्याच्या मंडळींना वाटलं, मुलीने उरलंसुरलं नातंही पुसून टाकलं. दुपारी दारात गाडी थांबली. होणाऱ्या सासूबाई, सुगंधाबाई, चप्पल न काढताच आत आल्या आणि त्यांनी भाविकाचे हात धरले.

“पोरी, तो कंस कोन शे, मी इचारनार नाही. लग्नानंतर नोकरी सोड म्हनले मी, त्याचाच राग ना? नको सोडू. वरची खोली तुझी. दार लावून बस, चहा मी आणून देईन. पण मोडू नको.”

भाविकाने खरं सांगायला तोंड उघडलं. मागे उभ्या होणाऱ्या नवऱ्याने, योगराजने, हळूच नकारार्थी मान हलवली.

योगराज धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. स्वयंपाकघरात तिने त्याला गाठलं.

“तुला कळलं होतं ना?”

“पहिल्याच ओळीला.”

“मग आईंना सांगितलं का नाहीस?”

“सांगणारच होतो. पण गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाली, नोकरीचं उगाच बोलले मी. साखरपुड्यापासून हेच समजावतोय मी तिला. म्हटलं, बोलतेय तर बोलू द्यावं.”

“आणि खरं कधी सांगायचं?”

योगराजने कपबशा पुढे सरकवल्या.

“सांगू की. लग्न होऊ दे.”