चमचाभर तेल

निळा ड्रम जिन्याखाली आला त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. गच्चीचा पाइप थेट त्यात सोडून नवरा मोकळा झाला. आता गाडी, स्कूटर, छोटीची सायकल, सगळं पावसाच्या पाण्याने धुवायचं. दोनशे लिटर! आणि घरात अडीच वर्षांची मुलगी, जिला चप्पल दिसली की ती कशात तरी बुडवून बघायचीच असते.

तिने झाकणाला कडी करून घेतली, कडीला कुलूप घातलं. कचरा येऊ नये म्हणून तळाच्या नळाला आतून जुन्या ओढणीचं फडकं बांधलं. एवढ्यावर भागलं असतं, पण कॉलेजात शिकलेलं नेमकं अशाच वेळी आठवतं: साठलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग असला की डासांच्या अळ्या जगत नाहीत. मग नवरा कामावर गेला की रोज चमचाभर गोडं तेल. काळजी जास्त वाटली त्या दिवशी पळीभर. तेल वर तरंगायचं, पाणी खालून यायचं. कुणाला पत्ता नव्हता.

"हल्ली तेल फार लवकर संपतंय," नवरा एकदा म्हणाला.

"तुम्हालाच कुरकुरीत लागतं ना सगळं!"

रविवारी इमारतीचे सेक्रेटरी तपासणीला आले. पाणीखात्यातून निवृत्त, म्हणून सगळे त्यांना साहेबच म्हणत. येताना स्वतःची काळीभोर गाडीही घेऊन आले.

"एक जरी अळी दिसली, तर संध्याकाळपर्यंत ड्रम बाहेर," त्यांनी बजावलं.

तिने मनातल्या मनात अळ्यांना हाका मारल्या. साहेबांनी पाइपाशेजारच्या फटीतून बॅटरी मारून आत पाहिलं, पण तेलाने आपलं काम चोख केलं होतं.

"आता गाडी धुऊन दाखवा."

नवऱ्याने नळ सोडला. एक थेंब आला आणि विचारात पडल्यासारखा तिथेच लोंबकळला. आत ओढणी फुगून बसली होती.

"अगं, किल्ली आण. वरूनच घेतो पाणी."

"वरून नको!"

"का?"

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. "नाही म्हणजे... छोटी बघते आणि शिकते."

"मग तिला कडेवर घ्या, सूनबाई," साहेब म्हणाले. प्रश्न मिटला.

बादलीवर बादली पडली. गाडी अशी झळकली की साहेबांनी बॉनेटमध्ये बघून भांग सारखा केला.

"पावसाचं पाणी, साहेब! क्षार नसतात ना," नवरा छाती फुगवून म्हणाला.

साहेबांनी काचा स्वतः कोरड्या फडक्याने पुसल्या. नीट, दोन-दोनदा, कानाकोपऱ्यापर्यंत. "पास!" म्हणाले. तिचा चेहरा उतरला. ते गाडीत बसले, मागे बघत गाडी मागे घेऊ लागले, आणि धडाम!

ड्रम उभा चिरला. पाणी फाटकापर्यंत गेलं.

"अगंबाई!" ती ओरडली, आणि हसू लपवायला पदर तोंडाशी धरला.

साहेब पांढरेफटक पडून उतरले. "काचेतून सगळं दुधी दिसलं हो," ते हळूच म्हणाले. "आमची ही वर्षभर मागे लागलीये, डोळे तपासा, गाडी सोडा म्हणून. आता कळलं तर किल्लीच काढून घेईल."

डोळे ठणठणीत आहेत, साहेब, तेल माझं आहे. एवढंच म्हणायचं होतं. ते अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात नवऱ्याने फरशीवरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"आम्ही कुणाला सांगणार नाही!" ती घाईघाईने बोलून गेली.

साहेबांनी हात जोडले. "देवमाणसं आहात. भरपाई मी करणार. नाही म्हणायचं नाही."

मंगळवारी टेंपो आला. मागोमाग साहेब आले, बाजारातून तयार आणलेला चष्मा लावून, एकेक पायरी पायाने चाचपत. टेंपोतून टाकी उतरली. हजार लिटरची.

"बघ, झाकण केवढं दिलंय!" नवरा हरखून म्हणाला. छोटीने आपली चप्पल आधीच हातात घेतली होती.

वर जाऊन तिने वाण्याच्या यादीतलं 'तेल एक लिटर' खोडलं आणि 'पाच' लिहिलं.

नवऱ्याने खांद्यावरून वाकून पाहिलं. "एवढं कुरकुरीत?"

"हो," ती म्हणाली. "आता पावसाळाभर."