गाजर कुठलं, गवत कुठलं!

बागकामात अवघड ते काय असतं हो? माती, पाणी आणि ऊन. चौथी गोष्ट सांगा, इथल्या इथे शंभर उठाबशा काढतो! असं मी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, टेबलावर थाप मारून म्हणालो.

मी कवायतीचा शिक्षक. आमची शाळा विशेष मुलांची. तिथल्या बागेच्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर रजेवर निघाल्या होत्या.

"सर, फक्त गाजराच्या वाफ्यातलं तण काढायचंय," बाई म्हणाल्या. "आणि अडलं तर मुलांना विचारा."

मुलांना विचारा! बावीस वर्षं शिट्टी फुंकलेला माणूस मी!

सोमवारी सहा जणांची पलटण घेऊन बागेत उतरलो. त्यात एक होता आमचा 'रेडिओ'. चाकांच्या खुर्चीत बसून दिवसभर अखंड प्रसारण! आणि एक होती 'राणीसरकार'. वय तेरा, बोलणं शून्य. कमरेला चित्रांच्या कार्डांचा जुडगा, हवं ते कार्ड काढून दाखवायची. मातीला बोट लावायची नाही. त्या वाफ्यातलं प्रत्येक बी तिनं चमच्यानं पेरलं होतं. एकेक. महिनाभर रोज येऊन बघत होती.

"काम करताना तोंड बंद!" मी रेडिओकडे बघून फर्मावलं आणि वाफ्यापाशी बसलो.

वाफ्यात दोन प्रकारची रोपं. एक बारीक, मरतुकडी, बाळाच्या जावळासारखी. दुसरी दणकट, हिरवीगार, कातरलेल्या पानांची, व्यायाम केल्यासारखी! गाजर कुठलं, हे सांगायला पंचांग लागतं का? मी मरतुकडी उपटायला लागलो. सपासप!

राणीसरकारनं कार्ड दाखवलं. थांबा.

"दमलीस? बस हं सावलीत."

तिनं पुन्हा तेच कार्ड नाकासमोर धरलं. मी पुन्हा सावली दाखवली. मग तिनं दुसरं कार्ड काढलं. दुखतंय!

"कुठं दुखतंय बाळा?" तिनं खाली बोट दाखवलं. पाय! मी शिट्टी फुंकली. परिचारिकाबाई पेटी घेऊन धावत आल्या. त्यांनी घोटे तपासले, गुडघे तपासले, पोट दाबलं. काहीच नाही! पोरगी आपली 'दुखतंय, दुखतंय' कार्ड हलवतेय. परिचारिकाबाईंनी तिच्या आईला फोन केला. आई शिवणकाम करणारी, गळ्यातली टेप न काढता धापा टाकत हजर! पाठोपाठ मुख्याध्यापिका. एवढी गर्दी आमच्या क्रीडादिनालाही होत नाही!

आईनं लेकीचं बोट कुठं जातंय ते नीट पाहिलं. "तिला नाही दुखत हो," ती म्हणाली. "ती त्या रोपांबद्दल सांगतेय."

मी हळूच विचारलं, "तण उपटलेलं कुणाला दुखतं?"

"सर!" रेडिओला आता राहवेना. "ती गाजरं होती! तुम्ही ठेवलंत ते गाजरगवत!"

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

"तुम्हीच म्हणालात, तोंड बंद!"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसायला लागल्या की शिपाईसुद्धा रस्ता बदलतो. पण त्या काही बोलायच्या आत राणीसरकार खाली बसली. चमचा बाजूला ठेवला. उपटलेलं एक रोप उचललं, बोटानंच मातीत भोक पाडलं आणि रोप आत सरकवलं. मग दुसरं. मग तिसरं. कोपरापर्यंत चिखल! तिची आई टेपचं टोक डोळ्यांना लावून उभी होती. मीही शिट्टी पुसायला घेतली. धूळ होती हो फार.

मग आम्ही सगळेच बसलो. रेडिओ सूचना देत होता, मी खड्डे करत होतो आणि चुकलं की राणीसरकार माझा हात उचलून बाजूला ठेवत होती. गाजरगवताला मी सकाळभर मायेनं गोंजारलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हात खाजून लालभडक! परिचारिकाबाईंना अखेर खरा रुग्ण सापडला.

निम्मी रोपं जगली. पण मुळं दुखावलेली, म्हणून दोन-अडीच महिन्यांनी गाजरं निघाली ती कुणी दोन पायांची, कुणी तीन पायांची. एक तर चक्क कवायतीत 'विश्राम' उभं असावं तसं! राणीसरकारनं ते मला दिलं आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही.

हल्ली बागेत मला एकच काम देतात. रेडिओनं हाक मारली की नळ उघडायचा. परवा उघडला. आता पाइपचं दुसरं टोक मुख्याध्यापिकांच्या खिडकीत होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं का?