गाडी निघाली तेलाला

बद्रीनाथच्या गाडीचा हंगाम म्हणजे लग्नसराई. तुळशीचं लग्न लागलं की तिच्यावरची ताडपत्री निघायची आणि मृगाच्या सुमारास पुन्हा चढायची. एरवी अंकुशनगरच्या कॉलनीतून कारखान्याच्या ऑफिसात जायला त्याला मोटारसायकल पुरे. त्यामुळे ‘इंजिन ऑईल बदला’ असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर तयार असायचं, "गाडी चाललीच न्हाई, तं तेल खराब कशानं होईल?"

"पापड तळल्यालं तेल वरीसभर कढईत ठिवलं तं खाताल का तुमी?" त्याची बायको उषाबाई विचारायची.

"ते खायाचं तेल."

"इंजिनबी खातंच की! वरीस झालं की बदलावं."

(वादात बद्रीनाथ कधी हरला नाही. शेवटी फक्त बायको म्हणेल ते करायचा.)

यंदा मात्र प्रश्न इज्जतीचा होता. धाकट्या बहिणीच्या, शालूच्या, थोरल्या लेकीच्या लग्नाला जाताना गाडीनं वाटेतच मान टाकली होती आणि नवरीच्या मागे मामा म्हणून भलताच माणूस उभा राहिला होता. तो फोटो पाहिला की शालू अजूनही गप्प होते. ती भांडली असती तर बद्रीनाथला चाललं असतं, पण तिचं ते गप्प होणं त्याला फार लागायचं. आता धाकटी मीना उजवायची होती. जालन्यात, संध्याकाळच्या मुहूर्तावर. काहीही झालं तरी मामा वेळेवर पोचायलाच हवा होता.

म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, गाडीखाली शिरला आणि तळाचा नट सोडला. काकवीसारखं काळं तेल घमेल्यात उतरलं, काही बनियनवरही उतरलं. नट आवळून तो ऐटीत बाहेर आला.

"चला, नवं तेल घिऊन येतो."

"आज?" पैठणीच्या निऱ्या घालता घालता उषाबाई थबकली. "अहो, शनिवार हाये! शनिवारी तेल घरात आनतेत का कुठं?"

"अगं, इंजिनचं तेल हाये ते!"

"तेल ते तेल. शनिदेव काय डब्यावरचं वाचत बसनार हाये? अन् आज पोरीचं लगीन हाये, ध्यानात घ्या."

या शेवटच्या वाक्यानं बद्रीनाथ लुळा पडला. मीनाच्या वाटेला आपल्यापायी काही वाईट यावं, ही शंकासुद्धा त्याला सोसेना. जुनं तेल परत ओतावं तर घमेल्याच्या तळाशी वाळू. दाट तिथीमुळे भाड्याच्या गाड्या केव्हाच गेलेल्या, आणि एसटीचा भरवसा मुहूर्तासाठी कुणी धरत नाही.

दुपार कलल्यावर उषाबाईनंच तोड काढली. "तेलानं घरी यायाचं न्हाई. पन गाडीनं तेलाकडं जायाला कुठं मनाई हाये?"

तेल नसताना इंजिन चालू करायचं नाही, एवढं व्हिडिओत बजावून सांगितलं होतं. तेव्हा उषाबाई पैठणी सावरून स्टेअरिंगला बसली आणि बद्रीनाथ मागून ढकलू लागला. शेजारचा संपत धावत आला.

"काय, बंद पडली का?"

"न्हाई. बंद पडू नये म्हनून ढकलून राह्यलो."

संपतला एवढं हसू आलं की त्याच्या हातातला जोरच गेला. तरी भला माणूस, फाट्यापर्यंत सोबत आला. वाटेत जो भेटेल तो हेच विचारायचा आणि उत्तर ऐकून कीव आल्यासारखा हात लावायचा. स्पेअर पार्टच्या दुकानाशी पोचेपर्यंत गाडीमागे छोटी वरातच जमली होती. तिथं फिल्टर बदलला, तेल भरलं, इंजिन गुरगुरलं. बद्रीनाथनं गाडीतच सदरा चढवला. हात धुवायला वेळ कुणाला होता?

मंडपात पोचला तेव्हा अंतरपाट धरलेला होता. चपला सोडून तो धावत सुटला आणि मीनाच्या मागे उभा राहून त्यानं तिच्या खांद्यांवर हात ठेवले. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिथून हलवले नाहीत. मग त्यानं हात काढले, आणि पिवळ्या साडीवर दोन्हीकडे पाच-पाच काळी बोटं उमटलेली दिसली.

"शालू, साडी खराब केली गं मी पोरीची," तो पुटपुटला.

शालूनं त्या ठशांकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "राहू दे रं दादा. साडी धुता येती. तू आलास, बास."

बद्रीनाथ भर मंडपात लहान पोरासारखा रडला. डोळे त्याच हातांनी पुसल्यामुळे तोंडही काळं झालं.

नळावर तो ते धूत होता, तेवढ्यात नवरदेवाकडचे एक काका शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मिस्त्री, जेवले का? न्हाई, जेवन झाल्यावर आमच्या गाडीचं ऑईल बघा जरा. तशी जास्ती चालल्याली न्हाई ती."

बद्रीनाथनं मान ताठ केली. मी नवरीचा सख्खा मामा आहे, असं ठणकावून सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"किती चालली ते राहू द्या, काका," तो म्हणाला. "वरीस झालं का, तेवढं सांगा."