प्लगच्या खड्ड्यातलं तेल

"तुले कोनी सांगं रे प्लग काढाले? आठला निघनं शे अन् तू बठ्ठी गाडी खोली बसना!" अमृतमामा अंगणातून ओरडला.

"मी नाही काढणार तर कोण काढणार? तू?" मी पण ओरडलो. "गाडी तीनच सिलिंडरवर धडधडतेय. अशी एरंडोलपर्यंत पण नाही जायची."

"आठ दिवस पह्यले तूच इंजिनना कव्हरनं पॅकिंग बदलं ना? मंग प्लगवर हाई तेल कोठून उनं?"

मी पाना आपटला.

आमची सुलक्षणाताई एम.एस्सी. झालेली. सरकारी नोकरीची परीक्षा तीन वेळा देऊन शेवटी पास झाली. त्या सोमवारी अकरा वाजता धुळ्याला तिची कागदपत्रं तपासणार होते. पत्रात ठळक अक्षरात लिहिलेलं, गैरहजर राहिल्यास निवड रद्द. पहिली एसटी गेली होती आणि दुसरी कधी पोचवेल ते एसटीलाच माहीत. आईबाप बोदवडला, आम्ही दोघं जळगावात मामाकडे. म्हणजे जे काही होतं ते या काळ्या गाडीवर होतं. ताई ओट्यावर फाईल मांडीवर घेऊन बसली होती. फाईलची चेन उघडायची, कागद मोजायची, चेन लावायची. एवढ्यात सात वेळा मोजले, मी बघत होतो.

मामानं अल्तमशला फोन लावला. त्याचं गॅरेज चौकात आहे. स्पीकर चालूच होता.

"अमृतभाई, प्लग पे तेल हय ना? पिस्टन की रिंग गयी समझो. इंजन उतारना पडेंगा. चार दिन."

"चार दिन?" मामा तिथेच खाली बसला. ताईनं आठव्यांदा कागद मोजले.

"न बघता रिंग गयी म्हणतो!" माझं डोकं फिरलं. मी प्लग मामाच्या नाकासमोर धरला. "हे बघ. खालचं टोक कोरडं आहे, भुरकट. तेल आतून येत असतं तर हेच आधी भिजलं असतं. तेल वरच्या बाजूला आहे, प्लग बसतो त्या खड्ड्यात. म्हणजे ते वरून उतरतंय."

"वरतून म्हंजे पॅकिंगमधून. म्हंजे तूच."

दहावीत शाळा सोडल्यापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट शेवटी माझ्यावरच येते. नळ गळला तरी.

मी इंजिनचं वरचं कव्हर कडेनं स्वच्छ पुसलं. गळती शोधायची असेल तर पांढरी पावडर टाकायची आणि इंजिन चालू करायचं, जिथून तेल येतं तिथे पावडर ओली होते. मोबाईलवर बघितलेलं. पण घरात पावडर नव्हती. ताईचा डबा रिकामा, मामी लावत नाही. मग मी स्वयंपाकघरातून बेसन उचललं.

"ए, माझं बेसन कुठे चाललं?" मामी मागे धावली.

"इंजिनला!"

"काय झालं या पोराला?"

मी प्लग परत बसवले आणि कव्हरच्या चारी बाजूंनी बेसन भुरभुरलं. थोडं खड्ड्यांमध्येही पडलं. वायरी लावल्या, मामानं चावी फिरवली. गाडी म्हशीसारखी थरथरायला लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साडेसात. मामा घड्याळ बघत होता, मी बेसन बघत होतो. कडेचं बेसन कोरडंच्या कोरडं. एक थेंब नाही.

आणि मग वास आला.

शेजारचा प्रेमराज कंपाउंडवरून डोकावला. "काय मामा, सकायमाच भजा? काही कार्यक्रम शे का?"

मी थांबलो. पुन्हा वास घेतला. इंजिन ऑइलमध्ये पीठ पडलं असतं तर जळका, घाण वास सुटला असता. हा तर खमंग होता. मामी पण नाक वर करून उभी. मी गाडी बंद करायला लावली, चिंधीचं टोक खड्ड्यात बुडवून चोळलं. काळपट नाही, पिवळं. जिभेला लावलं.

"शेंगदाण्याचं तेल आहे हे," मी म्हणालो.

"इंजिनमधून शेंगदाणानं तेल?" मामाचा आवाज चिरकला. "आते हाई कोनता नवा आजार?"

मामा परत अल्तमशला फोन लावायला गेटवर गेला. मी वळून बघितलं. मामी गोंधळलेली होती. ताई मात्र कागद मोजायची थांबली होती. फाईलमध्ये तोंड घालून बसलेली.

मी तिच्याजवळ गेलो. "ताई?"

"हळू बोल."

"ताई, तू?"

"दर शनिवारी वाटीभर," ती पुटपुटली. "दोन वेळा नापास झाले ना, तेव्हा एकानं सांगितलं शनीला तेल वाहा. देवळात ओळखीचे लोक भेटतात, हसतात. तो म्हणाला, घरातलं काळं लोखंड चालतं. आधी तव्यावर वाहिलं, तर मामी ओरडली. मग गाडीचं इंजिन. बॉनेटला काय, नुसती तार बांधलेली आहे."

"एम.एस्सी. आहेस ना तू?"

"पास झाले ना पण!"

"आणि या शनिवारी?"

"आज मोठं काम होतं. म्हणून दोन वाट्या."

माझ्या हातात पाना होता, पण मोठी बहीण आहे. "मामाला सांगू?" मी विचारलं. तिचे डोळे भरले. म्हणाली, "आज नको रे. आज मला नीट जाऊ दे."

मी कामाला लागलो. मामीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून चारी खड्डे कोरडे केले, वायरींच्या रबरी टोप्या पुसल्या, प्लग घट्ट केले. चावी फिरवली. गाडी एका आवाजात चालू झाली.

"काय सापडनं मंग?" मामानं विचारलं.

ताई माझ्याकडे बघत होती.

"पॅकिंग नीट बसलं नव्हतं," मी म्हणालो. "माझीच चूक."

"सांगं व्हतं मी!" मामा एवढा खूश झाला की पारोळ्यापर्यंत तेच सांगत राहिला. आम्ही पावणेअकराला धुळ्यात पोचलो. ताईचे सगळे कागद बरोबर निघाले.

पण नेमणुकीचं पत्र अजून यायचंय, त्यामुळे ताई तेल थांबवायला तयार नाही. आम्ही तीन दिवस भांडलो. शेवटी मीच तोड काढली. इंजिनला हात लावायचा नाही, डिकीतल्या जॅकला वाहा. काळा आहे, लोखंडाचा आहे, कोणी बघत पण नाही. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

आज शनिवार. ताईनं सकाळी वाहिलं. मामा गाडी घेऊन नरडाण्याला गेला, आणि आत्ता त्याचा फोन आला. टायर पंक्चर. जॅक हातात धरवत नाही, दोन वेळा पायावर पडला, सगळा तेलानं माखलाय.

"जॅकनं बी पॅकिंग गयं का रे?" मामा विचारत होता. "आते तूच ये, तुलेच समजतं हाई!"

नरडाण्यावरून जाणारी सुरतकडची रेल्वे दहा मिनिटांत आहे. निघतो मी.