रविवारी, तुमच्या घरी

गॉर्डननं तीन किलो बटाटे घेतले आणि तिथून सगळं बिघडलं.

मासात्लानच्या बाजारात एकट्या माणसानं तीन किलो बटाटे घेणं हा काही गुन्हा नाही. पण भाजीवालीनं विचारलं, "काय दॉन गोर्दो, पाहुणे का?" आणि हा माणूस ताठ होऊन म्हणाला, "हो. आठ!" (त्यात तो स्वतःही धरला होता, हे त्यानं सांगितलं नाही.)

त्यांच्या भाषेत दॉन म्हणजे राव आणि गोर्दो म्हणजे जाड्या. गॉर्डन शेवग्याच्या शेंगेसारखा लांब आणि वाळका. पण 'गॉर्डन' म्हणताना गल्लीतल्या जिभा अडखळत आणि 'गोर्दो' आयतं तयार होतं. त्यानं ते मुकाट्यानं घेतलं. कॅनडातल्या एका बर्फाळ गावी टपाल कचेरीत पत्रं लावण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती आणि आलेलं नाव योग्य खणात टाकायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर पेन्शन तिकडच्या थंडीलाच पुरेना. तेव्हा बायकोनं, मॅरियननं, वहीत गावांची यादी केली. समुद्र हवा, ऊन हवं, घर परवडायला हवं. मासात्लानच्या खाली तिनं पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. मग ती आजारी पडली आणि गेली.

गॉर्डन एकटाच आला. सोबत लग्नात मिळालेल्या निळ्या काठाच्या आठ ताटल्या होत्या, स्वेटरांत गुंडाळलेल्या. (स्वेटरांचा इथं तेवढाच उपयोग झाला.) मॅरियन कुठल्याही नव्या घरात गेली की पडदे लावायच्या आधी माणसं जेवायला बोलवायची. गॉर्डनला येऊन दीड वर्ष झालं, पडदे लागले, पण माणूस आला नाही. कुणी वाईट नव्हतं. सगळे रस्त्यात हाका मारत, हसत. पण जेवायला बोलवायचं तर कुणाला आणि कुठल्या शब्दांत, हेच त्याला सुचत नव्हतं. आठांतली एक ताटली रोज निघे, धुतली जाई आणि परत सातांवर जाऊन बसे.

बहीण एडना फोनवर म्हणे, "तळघरातली खोली झाडून ठेवलीय. ये परत." घराचा करार महिनाअखेर संपत होता. राहायचं की जायचं, हे घरमालकिणीला सांगायचं होतं, आणि ते गॉर्डनला स्वतःलाच माहीत नव्हतं.

घरमालकीण दोन्या एर्लिंदा, म्हणजे एर्लिंदाबाई, खालच्या मजल्यावर राहत. बाई ठेंगण्या, पण आवाज थेट बंदरापर्यंत पोचणारा. गुरुवारी त्यांनी गॉर्डनला जिन्यात गाठलं.

"दॉन गोर्दो, रविवारी दुपारी दोनला तुमच्या घरी जेवण! मी, आमचे एल्पिदिओ, मुलगी, जावई आणि तीन पोरं. सात झालो. तुम्ही आठवे."

"माझी घरी?" गॉर्डननं विचारलं. (कशाला बाई म्हणायचं आणि कशाला बुवा, हे त्यांच्या भाषेतलं कोडं त्याला अजून सुटलं नव्हतं.)

"तुमच्याच हो, दुसऱ्या कुणाच्या? काही करायचं नाही. भूक तेवढी ठेवा. आणि कराराचं काय ते तेव्हाच बोलून टाकू."

आठ! ताटल्याही आठच होत्या. "मला खूप आनंद झाली," तो म्हणाला, आणि वर जाऊन पलंगावर बसून राहिला. त्यानं तिथंच ठरवून टाकलं. माणसं जेवून गेली की कराराला होकार द्यायचा. मॅरियननंही तेच केलं असतं. 'काही करायचं नाही' हा बाईंचा सभ्यपणा, असं समजून तो बटाटे आणायला गेला.

घरात खुर्च्या दोनच होत्या. शनिवारी सकाळी तो खाली गेला. बाईंचे यजमान दॉन एल्पिदिओ अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. जन्मभर बोटींच्या इंजिनांजवळ काम केल्यामुळे ते फारसं बोलत नसत.

"दॉन एल्पिदिओ, उद्याला सहा खुर्ची मिळेल?"

"उद्या? उद्या आम्हालाच लागतील की बसायला."

"हो, हो! तेच तर!"

"मग?"

"मग... ठीक!" गॉर्डन खूश होऊन वर गेला. माणसं किती विचारी, आपापल्या खुर्च्या घेऊन येणार! दॉन एल्पिदिओ बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिले आणि कुंडी भरून पाणी चपलांवर आलं.

रविवारी सकाळी मॅरियनच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवून त्यानं खिमा शिजवला, त्यावर बटाट्याचा लगदा थापला आणि दीड वर्षात पहिल्यांदा ओव्हन पेटवला. (त्याआधी त्यात छत्री असायची. ती आठवेपर्यंत तिची मूठ वितळली होती.) मे महिन्याचं ऊन, त्यात ओव्हन, आणि त्यावर लग्नातला कोट. दीडला आठ ताटल्या मांडून गॉर्डन दाराकडे तोंड करून बसला.

दोन वाजले आणि त्याच्या दारापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. अडीच वाजले. या गावात अडीच म्हणजे दोनच, एवढं तो शिकला होता. खालून निखाऱ्यावर भाजलेल्या माशाचा वास आला. 'रिकाम्या हातानं यायला लाजतायत बिचारे,' तो मनात म्हणाला. तीन वाजले. तो अजून दारापर्यंत जात होता, परत येत होता. खालून माणसांचे आवाज येत होते, एक पोरगं रडत होतं, पण जिन्यावर पाऊल वाजत नव्हतं. सव्वातीनला बटाट्याचा डोंगर मधोमध खचला.

साडेतीनला गॉर्डननं ताटल्या उचलायला सुरुवात केली. एकेक करून उचलल्या, आवाज न करता. मॅरियन गेली त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान ती तिथं होती. त्यानं कोट काढला, पुन्हा घातला, आणि टेबलाशी बसून त्यांच्या भाषेत चिठ्ठी लिहिली. जेवढे शब्द येत होते तेवढेच:

'दोन्या एर्लिंदा, मी तुमच्या घरातून निघते. किल्ली खिळ्यावर आहे. वाट पाहू नये. आभार. गॉर्डन.'

चिठ्ठी दाराखालून सरकवायची आणि वर येऊन बॅग भरायची, असा बेत होता. पण उकाड्यामुळे खालचं दार सताड उघडं होतं. गॉर्डन चिठ्ठी धरून वाकला तो थेट सात माणसांसमोर.

टेबलावर फडक्यानं झाकलेला अख्खा मासा होता. लिंबं कापून सुकली होती. पोरांची तोंडं रडवेली झाली होती. जावई ताटलीकडे बघत होता. कुणी एक घास घेतला नव्हता. आणि यजमानाच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती.

"आले!" मुलगी ओरडली.

"दीड तास!" दोन्या एर्लिंदा उठल्या. "दीड तास वर तुमची पावलं वाजतायत. इकडून तिकडे, तिकडून इकडे! हे म्हणाले, माणूस रागावला. काल खुर्च्या मागितल्या आणि मी दिल्या नाहीत!"

"वर येऊन हाक मारायचं," गॉर्डन पुटपुटला.

"बोलावलेल्या माणसाला ओढून आणायचं? शोभतं का ते? आणि हे हातात काय?"

गॉर्डननं चिठ्ठी मागं नेली. बाईंनी ती पुढं आणली, चष्मा चढवला आणि बंदरापर्यंत पोचणाऱ्या आवाजात वाचली. "'मी तुमच्या घरातून निघते...'"

गॉर्डननं डोळे मिटले.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा मनात वाचली. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, अंगातल्या कोटाकडे पाहिलं.

"बघा! शिका जरा!" त्या जावयावर ओरडल्या. "एक जिना उतरायचा तर माणूस चिठ्ठी लिहितो! आणि स्वतःच्या घराला 'माझं घर' नाही म्हणाला, 'तुमचं घर' म्हणाला. आपल्यासारखं! तुमच्या घरातून निघतोय, किल्ली जागेवर ठेवलीय, आता वाट बघू नका, आलोच. असं बोलायला तुम्हाला दहा वर्षांत जमलं नाही!"

गॉर्डननं डोळे उघडले. "स्वतःची घर... तुमची घर म्हणायचं?"

"मग काय! 'माझ्या घरी जेवायला या' असं कुणी म्हणतं का? उद्धटपणा झाला तो."

"म्हणजे, रविवारी, माझी घरी..." त्यानं बोटानं जमीन दाखवली. "इथं?"

"इथंच की! आणखी कुठं?" आणि मग बाईंच्या नाकात वास शिरला. भाजलेल्या बटाट्यांचा, खिम्याचा आणि किंचित छत्रीचा. त्यांनी वर छताकडे पाहिलं. "अगंबाई! तुम्ही वर... कितीजणांचं केलंत?"

"आठ," गॉर्डन म्हणाला, आणि कोटाच्या बाहीनं तोंड पुसू लागला. ते घामामुळे नव्हतं.

बाईंनी मासा उचलला, मुलीनं चटण्या, पोरांनी लिंबं, जावयानं आणि दॉन एल्पिदिओंनी तीन-तीन खुर्च्या, आणि सगळी वरात जिना चढली. निळ्या काठाच्या आठही ताटल्या त्या दुपारी खरकट्या झाल्या. खचलेला डोंगर सगळ्यांनी गंभीरपणे, मिरचीत बुडवून संपवला. कराराचा विषय निघाला तेव्हा गॉर्डनचं तोंड भरलेलं होतं, म्हणून त्यानं मान हलवली, आणि बाईंनी "झालं!" म्हणून त्याला आणखी मासा वाढला.

खुर्च्या खाली नेताना दॉन एल्पिदिओ जिन्यात थांबले.

"वरचं घर सोडायचं तर महिनाभर आधी लिहून द्यावं लागतं, दॉन गोर्दो."

गॉर्डन लाल झाला. "तुम्हाला कळली?"

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मीही लिहिली होती. 'तुझ्या घरातून निघतो, वाट पाहू नकोस.' बंदरात बोट उभी होती. हिनं शेजारणींसमोर मोठ्यानं वाचली. म्हणाली, बघा, कामावर जायला निघाला तरी कळवतो!"

"मग?"

"मग काय? वाढलं होतं. बसलो. अजून बसलोय." त्यांनी खुर्च्या उचलल्या. एवढं ते वर्षभरात बोलले नव्हते.

सोमवारी एडनाचा फोन आला. "काय ठरलं तुझं? कुठं आहेस तू?"

गॉर्डन खिडकीत उभा होता. समोर समुद्र होता, मागं धुतलेल्या आठ ताटल्या निथळत होत्या, आणि आदल्या दिवशी शिकलेला सभ्यपणा जिभेवर ताजा होता.

"मी तुझ्याच घरी आहे, एडना," तो म्हणाला.

पलीकडे जिना उतरणारी पावलं ऐकू आली, दिव्याचं बटण वाजलं, कपाटाचं दार उघडलं आणि मिटलं.

"तळघरात कुणी नाही, गॉर्डन," एडना हळू आवाजात म्हणाली. "त्या उन्हात टोपी घालून हिंडत जा, असं मी तुला किती वेळा सांगितलं होतं?"